आकडा मागता, तर उत्तरही द्या : मधुमेहाची ॲप बनवणाऱ्यांना खुले पत्र

मधुमेहासाठी मोबाइल ॲप काढणारे, ती डिझाइन करणारे, त्यांचा कोड लिहिणारे आणि 'वैद्यकीय सल्लागार' म्हणून त्यांवर आपलं नाव घालू देणारे, अशा सर्वांस,

स. न. वि. वि.

मला टाइप २ मधुमेह आहे. आधी बरीच वर्षं गोळ्या होत्या, आता रात्री बेसल (हळूहळू, बराच वेळ पुरणारं) आणि जेवणाआधी बोलस (त्या जेवणापुरतं, लवकर असर करणारं) असं इन्सुलिन घेते. कधी दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर असतो, नसतो तेव्हा ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप. तुमची ॲप मी वापरते, वैतागून काढून टाकते आणि काही दिवसांनी दुसरं डाऊनलोड करते. वहीत शुगर लिहायचे दिवसच बरे होते, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. वही सरासरी काढून देत नाही, शुगर उतरली तर रात्री तीनला उठवत नाही आणि दूर राहणाऱ्या मुलाला आईची शुगर कळवत नाही. फोनला हे सगळं जमतं, म्हणून तर हे पत्र लिहिते आहे.

माझं म्हणणं एकच आहे. तुम्ही आमच्याकडे आकडा मागितलात, की त्या आकड्याचं पुढे काय करायचं याचं उत्तर देणं तुमच्याकडे लागलं. उत्तर नसेल तर 'यावरून काही सांगता येत नाही' असं सरळ लिहा. तेही जमत नसेल तर मागू नका.

ॲपचा उपयोग होतो याबद्दल मला शंका नाही. २०११ साली 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. टाइप २च्या ज्या रुग्णांना मोबाइलवरून मार्गदर्शन मिळत होतं आणि ज्यांच्या डॉक्टरांकडेही त्याच नोंदींचं विश्लेषण जात होतं, त्यांचं एचबीएवनसी (दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टक्केवारी) वर्षभरात सरासरी १.९ने उतरलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं ०.७ने. नवी गोळी सुरू करून एवढा फरक पडला तरी डॉक्टर खूश होतात. तुमच्यातल्या अनेकांनी गुंतवणूकदारांना हा आलेख दाखवला असणार. पण त्या प्रयोगात काय चाललं होतं तेही बघा. रुग्णाने शुगर भरली की त्या आकड्याला धरून लगेच संदेश परत यायचा. डॉक्टरांना आकड्यांची रास न देता तिचा अर्थ लावून दिला जायचा. माझ्या मते गुण आला तो या परत येणाऱ्या उत्तराने. तुम्ही त्यातली नोंद तेवढी उचललीत आणि उत्तर तिथेच सोडलंत.

सकाळचंच घ्या. फास्टिंग १६८ आली. मी ॲप उघडते. ते आकडा विचारतं, वेळ विचारतं, उपाशीपोटी की जेवणानंतर ते विचारतं, मूड कसा आहे म्हणून पाच चेहरे दाखवतं, वजन विचारतं, पावलं मोजायची परवानगी मागतं. सगळं भरून झालं की एक नारिंगी ठिपका उमटतो आणि खाली ओळ येते, 'शुगर थोडी जास्त आहे, काळजी घ्या!' काळजी घ्यायची म्हणजे मी आता उठून नेमकं काय करू? फास्टिंग १६८ येण्यामागे रात्रीचं उशिराचं जेवण असेल, बेसलचा डोस कमी पडत असेल, किंवा पहाटे कॉर्टिसॉलसारखी हॉर्मोन वाढतात आणि यकृत आपणहून साखर सोडतं, ती असेल. एका ठिपक्यावरून यातलं काहीच ठरत नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्याकडे माझ्या कितीतरी आठवड्यांच्या नोंदी पडून आहेत. त्यात बहुतेक दिवशी झोपताना १३०च्या आसपास आणि सकाळी १६०च्या वर असं दिसत असेल, तर मला एवढंच वाक्य द्या : 'झोपताना शुगर ठीक असते, सकाळपर्यंत चढते, हे डॉक्टरांना दाखवा.' याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. वजाबाकी पुरते.

त्याऐवजी मिळतं काय, तर सलग सात दिवस नोंद केल्याबद्दल पदक. आणि आठव्या दिवशी राहून गेलं की 'तुमची साखळी तुटली' म्हणून टोमणा. हा आजार जन्मभराचा आहे हो. त्यात एखादा दिवस विसरायची मुभा हवी.

पदकं आणि लाल रंग यांनी आणखी एक घोटाळा होतो. २४० आली की माणूस ती भरतच नाही. भरली तर आलेख बिघडतो, घरचे विचारतात, डॉक्टर भुवया उंचावतात. १४० आली की मात्र कौतुकाने भरतो. ही खोड फोनने आणलेली नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना न सांगता मीटरमध्ये मेमरी बसवली होती. वहीतले आणि मीटरमधले आकडे जुळेनात. म्हणजे तेव्हाही माणसं आकडे सुधारून लिहीत होती, कारण वही कोणीतरी तपासणार होतं. ही गोष्ट ठाऊक असूनही तुम्ही प्रत्येक आकड्याला शाबासकी नाहीतर छी-थू लावता, आणि मग त्याच नोंदींवर 'आमच्या वापरकर्त्यांची शुगर अमुक टक्क्यांनी सुधारली' अशी जाहिरात करता. खराब आकडे न भरताही सरासरी सुधारते, याचा हिशोब त्या जाहिरातीत कुठे असतो?

आता डोस काढून देणाऱ्या कॅल्क्युलेटरबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आलेख चुकला तर चिडचिड होते. इथे चुकलं तर जीव जातो.

२०१५ साली 'बीएमसी मेडिसिन'मध्ये इन्सुलिनचा डोस काढणाऱ्या ४६ ॲपची तपासणी प्रसिद्ध झाली. भलताच आकडा टाकला तर अडवायची सोय ४२ ॲपमध्ये नव्हती. २७ ॲप एखादी माहिती रिकामी ठेवली तरी बिनदिक्कत डोस सांगत होती. डोस कोणत्या सूत्राने काढला हे फक्त १४ जणांनी लिहिलं होतं. ३१ ॲपमध्ये, म्हणजे तीनातल्या दोघांत, चुकीचा डोस सांगितला जायचा धोका होता. कुठलीही खोट सापडली नाही असं ॲप एकच निघालं. त्यानंतर नियम आले, बरीच ॲप सुधारली, बरीच गेली. तरी कुठलंही नवं कॅल्क्युलेटर दिसलं की मी आधी एक गणित घालून बघते. तुम्हीही घाला.

समजा जेवणात ६० ग्रॅम कर्बोदकं आहेत आणि १० ग्रॅमला १ युनिट असं प्रमाण ठरलेलं आहे. झाली ६ युनिट. शुगर २२० आहे, ती १२०वर आणायची आहे आणि १ युनिटने ५० उतरते. त्याची आणखी २. एकूण ८. पण मी दोन तासांपूर्वी ४ युनिट घेतली असतील तर? इन्सुलिनचा असर ढोबळमानाने चार तास धरला, तर त्यातली जवळजवळ २ युनिट अजून अंगात काम करत आहेत. ती वजा करून ६च घ्यायला हवीत. ज्या ॲपला ही वजाबाकी येत नाही ते छातीठोकपणे ८ सांगतं. जास्तीच्या २ युनिटांनी आणखी १०० उतरायची, म्हणजे १२०वर थांबायचं ते हिशोबाने २०वर जायचं. २०वर माणूस शुद्धीत राहत नाही. (यातली प्रमाणं नमुन्यादाखल आहेत, प्रत्येकाची डॉक्टर ठरवून देतात, माझी तुम्हाला लागू नाहीत.)

या हिशोबात तुम्ही आणखी एक खड्डा ठेवता. काही देशांत शुगर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काहींत मिलीमोल प्रति लिटरमध्ये. दोहोंत १८ पट फरक. १२६ मिलिग्रॅम म्हणजे ७ मिलीमोल. ॲप एका मापावर आणि मीटर दुसऱ्या मापावर असेल तर काय होईल ते सांगायला नको. तिथे 'तुम्ही ७ भरलंत, माप मिलिग्रॅमचं आहे, हे बरोबर आहे का?' असं अडवणारा प्रश्न घालायला प्रोग्रामरला किती वेळ लागतो? फोन नंबरात एक आकडा कमी पडला तर तुम्ही पुढे जाऊ देत नाही. ती काळजी शुगरच्या रकान्यातही घ्या.

आणि हे सगळं करून तळाशी बारीक अक्षरांत ओळ असतेच : 'हे ॲप केवळ माहितीसाठी आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे.' वरती 'तुमचा खिशातला मधुमेहतज्ज्ञ' आणि खाली ही ओळ. दोन्ही एकाच पडद्यावर कशी राहतात हे तुमच्या वैद्यकीय सल्लागारांना विचारायचं आहे. डोस सांगणं हा सल्ला नाही, तर मग काय आहे?

आता गजर. सेन्सर लावणारी माणसं झोपू शकतात ती गजराच्या भरवशावर. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, की फोनशी जोडलेल्या मधुमेहाच्या उपकरणांचे महत्त्वाचे गजर लोकांना ऐकूच गेले नाहीत अशा तक्रारी आल्या आहेत. कारणं वाचलीत तर हसावं की रडावं कळत नाही. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर होता. नवा हेडफोन जोडला आणि आवाज तिकडे गेला. फोनची सिस्टिम अपडेट झाली आणि सेटिंग बदललं. बॅटरी वाचवण्यासाठी फोन आपण होऊन मागे चाललेलं ॲप बंद करतो, हा प्रकार तर कोणीही अनुभवलेला. तुम्ही म्हणाल, यात आमचा काय दोष, फोन आमचा नाही. बरोबर आहे. पण फोनवर विसंबायला आम्हाला तुम्ही सांगितलंत. तेव्हा रोज झोपायच्या वेळी ॲपने स्वतःची तपासणी करावी, आणि गजर वाजणार नाही अशी शंका जरी आली तरी पडदाभर लिहावं : 'आज रात्री मी उठवू शकणार नाही. कारण हे. असं दुरुस्त करा.'

खोटे गजरही आहेत. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि ॲप शुगर ५५ दाखवून घर जागं करतं; बोटातून तपासावी तर ११०. असं दोनतीनदा झालं की माणूस गजर बंद करून टाकतो. 'कदाचित सेन्सर अंगाखाली दबला असेल, कूस बदलून बोटातून तपासा' ही एक ओळ त्या वेळी दिसली तर गजर चालू राहील. तसंच सेन्सर मोजतो ती पेशींभोवतीच्या द्रवातली साखर. रक्तातल्या साखरेमागे ती पाचपासून पंधरा मिनिटं रेंगाळते. शुगर भराभर खाली येत असताना हा फरक फार मोठा असतो. म्हणून ९० या आकड्यापेक्षा ९०शेजारचा, शुगर कुठे चालली आहे ते दाखवणारा बाण महत्त्वाचा. आडवा बाण असेल तर झोपा, खाली टोक असेल तर उठा. आणि आकडा किती मिनिटांपूर्वीचा आहे ते त्याच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत हवं. सेन्सरशी संपर्क तुटून अर्धा तास झाला तरी जुनाच ११८ हिरव्या रंगात मिरवणारं ॲप मी पाहिलं आहे. त्यापेक्षा कोरा पडदा परवडला.

शुगर डाऊन होते तेव्हा काय होतं, हे तुमच्या डिझाइन करणाऱ्यांना कोणी सांगितलंय का? ७०च्या खाली घाम फुटतो, हात थरथरतात. ५४च्या खाली डोकं चालेनासं होतं. समोरच्या दोन बटणांतलं कुठलं दाबायचं हेही कळत नाही. अशा वेळी मी थरथरत्या बोटांनी ॲप उघडलं आणि त्याने लॉगिन संपलं म्हणून ओटीपी मागितला. ओटीपी आल्यावर प्रीमियम योजनेची जाहिरात, तिच्या कोपऱ्यात फुली इतकी बारीक की चांगल्या शुगरलाही सापडू नये. त्या क्षणी पडद्यावर तीनच गोष्टी हव्यात. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या. १५ मिनिटांची उलटी मोजणी. मग पुन्हा तपासा. आणि घरच्या माणसाला फोन लावणारं एक मोठं बटण. एवढा पडदा लॉगिनशिवाय, इंटरनेटशिवाय, सबस्क्रिप्शन संपलं असलं तरी उघडला पाहिजे. बाकी कशाचेही पैसे घ्या.

ॲपमधली चूक फोनमध्येच राहते असंही समजू नका. २०२४मध्ये इन्सुलिन पंपाबरोबरचं एक ॲप परत मागवावं लागलं. ते सारखं बंद पडून आपोआप सुरू व्हायचं, त्यामुळे पंपाशी सतत ब्लूटूथने बोलत राहायचं आणि पंपाची बॅटरी अपेक्षेआधीच संपायची. पंप बंद म्हणजे इन्सुलिन बंद. त्यात २२४ जणांना इजा झाल्याची नोंद आहे. चूक डोसच्या हिशोबात नव्हतीच. एका साध्या बिघाडाने हे झालं.

उलट उदाहरणही सांगते. २०१३मध्ये अमेरिकेतल्या जॉन कॉस्टिक या प्रोग्रामरने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरचा आकडा कामाच्या जागी बसून बघता यावा म्हणून स्वतःच कोड लिहिला, कारण कंपनीने तशी सोय दिलेली नव्हती. त्यातून 'नाइटस्काउट' हा खुला प्रकल्प उभा राहिला. 'आम्ही वाट बघत बसणार नाही' हे त्या पालकांचं आणि रुग्णांचं घोषवाक्य. पुढे अशाच घरगुती खटपटींतून आपोआप इन्सुलिन देणाऱ्या प्रणाली तयार झाल्या आणि त्यातल्या एकीला, 'टाइडपूल लूप'ला, जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेत रीतसर मान्यताही मिळाली. या लोकांच्या पडद्यावर पदकं नव्हती, मूडचे चेहरे नव्हते. आकडा, बाण आणि आकडा किती जुना ते, बस. ते स्वतः रात्री तीनला उठत होते, म्हणून त्यांना नेमकं ठाऊक होतं.

जेवणाच्या नोंदीबद्दल फार बोलत नाही. पाकिटावरचा बारकोड तुम्हाला वाचता येतो, घरच्या पातेल्याला बारकोड नसतो. फोटोवरून कर्बोदकं मोजता म्हणता. वरून काढलेल्या फोटोत वाटी किती खोल आहे ते दिसत नाही, फोडणीतलं तेलही दिसत नाही. अंदाज आहे तर '४५ ग्रॅम' असा ठाम आकडा न देता '३५ ते ५५' असं लिहा. बोलस घेणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

डोळ्यांचं मात्र बोललं पाहिजे. मधुमेह डोळ्याच्या पडद्यावर जातो, हे तुमच्याच ॲपमधल्या 'माहिती' या पानावर लिहिलेलं आहे, पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांत. ज्यांना ते वाचायची सर्वांत जास्त गरज त्यांनाच दिसू नये अशी ही व्यवस्था. अक्षर मोठं करायची सोय द्या, आणि मोठं केल्यावर बटणं पडद्याबाहेर जाणार नाहीत एवढं बघा. लाल-हिरव्या ठिपक्यांवर सगळं सोडू नका, शेजारी आकडा आणि शब्द लिहा. आणि चार वर्षं जुन्या फोनवर, नेट नसताना चालवून पाहा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे जगात ५८.९ कोटी प्रौढांना मधुमेह आहे आणि त्यांतले पाचातले चार जण कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. तुमचं ॲप ज्या फोनवर चाचणीला लावलेलं असतं तो फोन त्यांतल्या कितीजणांकडे असेल?

न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी जोडायची सोय काही ॲप देतात. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट सांगितलं, की स्वतःच शुगर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. तरी ते आकडे तुम्ही मीटरच्या आकड्यांच्या रांगेत, त्याच रंगात लावता. ही जोडणी काढून टाका, यावर चर्चा नको.

आमची माहिती कुठे जाते, हाही जुना प्रश्न. २०१६मध्ये 'जामा'त आलेल्या पाहणीत अँड्रॉइडवरच्या २११ मधुमेह ॲपपैकी ८१ टक्क्यांकडे गोपनीयतेचं धोरणच नव्हतं. आता धोरण सगळ्यांकडे असतं, फक्त ते वाचायला वकील लागतो. पाच ओळींत लिहा : काय घेता, कोणाला देता, जाहिरातवाल्यांना आणि विमा कंपन्यांना देता का, पुसून टाकायला सांगितलं तर किती दिवसांत पुसता.

शेवटचं, डॉक्टरांबद्दल. माझे डॉक्टर माझ्यासाठी काही मिनिटं काढू शकतात. त्यांच्यासमोर ॲपमधून निघालेला चाळीस पानांचा अहवाल ठेवला की ते पहिलं पान बघतात आणि हसून बाजूला ठेवतात. सेन्सरवाल्यांसाठी एका पानाचा ठरलेला नमुना आहे : शुगर ७० ते १८०मध्ये किती टक्के वेळ होती, ७०च्या खाली किती, ५४च्या खाली किती आणि दिवसाच्या कुठल्या वेळी घोळ होतो. बहुतेक प्रौढांसाठी पहिला आकडा ७० टक्क्यांच्या वर असावा, असं २०१९मध्ये तज्ज्ञांनी एकमताने ठरवलं. मीटर वापरणाऱ्यांसाठीही असंच एक पान काढा. वर तारीख, खाली औषधं आणि डोस, मध्ये तुमच्या लक्षात आलेल्या दोनच गोष्टी. ते पान फुकट छापता आलं पाहिजे, आणि सगळ्या नोंदींची फाइल दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये उघडेल अशी मिळाली पाहिजे. मी वापरत होते ते एक ॲप एके दिवशी बंद झालं. निरोपाचा ईमेल आला, त्यात आभार होते, हृदयाचं चित्र होतं, नोंदी उतरवून घ्यायची लिंक नव्हती. तुमच्यावरही कंपनी बंद करायची वेळ आली तर निदान तीन महिने आधी कळवा आणि लिंक त्याच पत्रात, पहिल्या ओळीत द्या.

कळावे.

आपली,
रोज आकडे भरणारी एक वापरकर्ती